शेवाळ खाणारे मासे घरच्या टाकीत कसे सांभाळावेत

घरात माशांची टाकी आणली की महिनाभरात काचेवर तपकिरी किंवा हिरवा थर चढू लागतो, आणि दुकानात जाऊन त्याबद्दल विचारले की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते, "एक सकर टाका, काच साफ राहील." या सल्ल्यावर विसंबून आणलेले कितीतरी मासे काही आठवड्यांतच मरतात, आणि जे जगतात ते पुढे टाकीत मावेनासे होतात. दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत असते, ती म्हणजे या माशाला वेगळे खायला घालावे लागत नाही. प्रत्यक्षात त्यालाही इतर माशांइतकेच रोज जेवण लागते, आणि दोन फुटी टाकीतले शेवाळ चार भुकेल्या तोंडांना फार दिवस पुरत नाही.

मी स्वतः ही चूक केलेली आहे. टाकी लावून जेमतेम पाच आठवडे झाले असताना मी सहा ओटोसिंक्लस आणले होते. ओटो हा चार सेंटिमीटरांच्या आसपास वाढणारा, करड्या रंगाचा आणि अंगावर काळा पट्टा असलेला मासा आहे. तो काचेला चिकटला की बाहेरच्या बाजूने त्याचे गोल तोंड स्पष्ट दिसते. ओठ सतत हलत असतात, आणि तो पुढे सरकला की तपकिरी थरात त्याच्यामागे स्वच्छ काचेची नागमोडी वाट उमटत जाते. चार दिवसांत सगळी काच लख्ख झाली आणि मी समाधानाने टाकीसमोर बसू लागलो. तिसऱ्या आठवड्यात एक ओटो तळाशी आडवा पडलेला सापडला. मग बाकीच्यांकडे निरखून पाहिले, तेव्हा प्रत्येकाचे पोट आत ओढलेले दिसले. त्यानंतर काकडी, पालक, तयार गोळ्या असे सगळे करून पाहिले, तरी सहांपैकी दोनच वाचले. तेव्हापासून सकाळी टाकीचा दिवा लावला की मी काचेआधी या माशांची पोटे पाहतो.

शेवाळ कोणते आहे ते आधी ओळखावे

"शेवाळ" या एका शब्दात आपण बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी बसवतो, आणि त्या सगळ्या खाणारा एकही मासा नाही. नव्या टाकीत पहिल्या दोन महिन्यांत येणारा, बोट फिरवले की भुकटीसारखा निघणारा तपकिरी थर हा डायटम या सूक्ष्म जिवांचा असतो. तो बहुधा काही आठवड्यांत आपोआप कमी होतो आणि ओटोला तो विशेष आवडतो. अडचण अशी की, ज्या काळात हा थर सर्वांत जास्त असतो, नेमक्या त्याच काळात टाकी ओटोसाठी फार कोवळी असते. काचेवरचा मऊ हिरवा थर बहुतेक शेवाळखाऊ मासे खातात. पानांवर वाढणारे केसांसारखे हिरवे धागे मॉली आणि सयामीज अल्गी ईटर हे मासे खातात. काचेवर घट्ट बसलेले, नखानेही न निघणारे हिरवे ठिपके मात्र माशांच्या आवाक्याबाहेरचे असतात. ते ब्लेडने किंवा जुन्या प्लॅस्टिकच्या कार्डाने खरवडावेत, किंवा त्यासाठी नेराइट गोगलगाय ठेवावी.

पानांच्या कडांवर आणि फिल्टरच्या नळीवर दाढीसारखे काळे झुबके दिसले, तर ते वास्तविक तांबड्या शेवाळाच्या गटातले असतात. असा झुबका काढून व्हिनेगरमध्ये टाकला की तो लालसर पडतो, त्यावरून त्याची ओळख पटते. सयामीज अल्गी ईटर हा तो खाणाऱ्या मोजक्या माशांपैकी एक आहे. सगळे पाणीच हिरवे झाले असेल तर ते पाण्यात तरंगणारे शेवाळ असते आणि काचेवर चरणाऱ्या कोणत्याही माशाचा त्यावर उपयोग होत नाही. निळसर हिरव्या, बुळबुळीत चादरीसारखा पसरणारा आणि कुबट वास येणारा थर तर शेवाळच नसतो. ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे एक प्रकारचे जिवाणू असतात आणि मासे त्याला तोंड लावत नाहीत. या शेवटच्या दोन प्रकारांसाठी मासा आणणे म्हणजे पैसे आणि जीव दोन्ही वाया घालवणे होय.

शेवाळ कोणतेही असो, ते प्रकाश आणि पाण्यात साठलेली पोषकद्रव्ये यांवर वाढते. त्यामुळे मासा आणण्याआधी महिनाभर तीन गोष्टी कराव्यात. दिवा दिवसाला सहा ते आठ तासच लावावा आणि त्यासाठी टायमर वापरावा, कारण रात्री उशिरा आठवण झाल्यावर दिवा बंद करण्याची सवय कितीही चांगल्या माणसाला टिकवता येत नाही. खिडकीतून किंवा गॅलरीतून थेट ऊन पडत असेल तर टाकीची जागा बदलावी. माशांना दोन मिनिटांत संपेल एवढेच खाणे द्यावे आणि दर आठवड्याला पंचवीस ते तीस टक्के पाणी बदलावे. एवढे केल्यावर जे शेवाळ उरेल, तेवढ्यापुरताच माशाचा विचार करावा.

कोणता मासा निवडावा

आपल्याकडे दुकानात "सकर" या एकाच नावाखाली निदान तीन वेगवेगळे मासे विकले जातात, आणि बहुतेक घोटाळा तिथेच होतो.

पहिला सकर म्हणजे टेरिगोप्लिक्थिस या वंशातला दक्षिण अमेरिकी कॅटफिश. अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या कडक चकत्या, उंच पंख आणि खाली वळलेले तोंड. दुकानात तो बोटाएवढा असतो आणि अतिशय स्वस्त मिळतो, म्हणून सर्वाधिक खपतो. हाच मासा पुढे चाळीस सेंटिमीटरांच्या पुढे जातो आणि त्याची विष्ठा इतकी असते की टाकी स्वच्छ होण्याऐवजी पाणी लवकर खराब होते. वयाबरोबर त्याचे शेवाळ खाणेही कमी होते, आणि रात्री तो गोल्डफिशसारख्या संथ माशांच्या अंगावर चिकटून त्यांच्या त्वचेवरचा चिकट थर खरवडू लागतो. दोन किंवा तीन फुटी टाकीसाठी हा मासा मुळीच घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा म्हणजे पिवळाधमक, सडपातळ "गोल्डन सकर", ज्याला चायनीज अल्गी ईटर असेही म्हणतात. नावात चीन असले तरी तो मुख्यतः थायलंड आणि मेकाँग नदीच्या परिसरातला आहे. पिल्लू असताना तो मन लावून शेवाळ खातो; मोठा झाला की आक्रमक होतो, इतर माशांना टाकीभर पळवतो आणि एंजलफिशसारख्या चपट्या अंगाच्या माशांना चिकटतो. पंचवीस सेंटिमीटरांपर्यंत वाढणारा हा मासा समूहाच्या टाकीत आणल्यास पुढे पश्चात्ताप होतो.

तिसरा, आणि घरासाठी खरोखर योग्य असा, म्हणजे ब्रिसलनोज किंवा अँसिस्ट्रस. तो बारा ते पंधरा सेंटिमीटरांवर थांबतो, स्वभावाने शांत असतो आणि नीट सांभाळला तर दहा वर्षेही जगतो. वयात आलेल्या नराच्या तोंडावर फांद्या फुटल्यासारख्या मऊ मिशा येतात. मादीच्या त्या नसतात किंवा ओठाच्या कडेला अगदी तुरळक असतात. पहिल्या सकरपासून त्याचे पिल्लू ओळखायचे असेल तर शरीराचा आकार पाहावा. अँसिस्ट्रस वरून पसरट आणि बुटका दिसतो, तर मोठा होणारा सकर लांबट असतो आणि त्याचा पाठीवरचा पंख शिडासारखा उंच असतो. अडीच ते तीन फुटी टाकीत एकच अँसिस्ट्रस ठेवावा. दोन नर एकत्र ठेवू नयेत, कारण लपण्याच्या जागेवरून ते भांडतात.

या माशाला लपायला गुहा आणि रवंथ केल्यासारखे कुरतडत बसायला ड्रिफ्टवुड लागते. गुहेसाठी दुकानातली महागडी सजावट घेण्याची गरज नाही. नारळाची करवंटी आतले खोबरे पूर्ण खरवडून, कडेला माशाच्या डोक्याएवढे भोक पाडून आणि दोन-तीनदा पाणी बदलून उकळून घेतली, की उत्तम घर तयार होते. रंग न लावलेली मातीची लहान कुंडी आडवी ठेवली तरी चालते. लाकूड मात्र रस्त्यावरून उचलून आणू नये. मत्स्यटाकीसाठीच विकले जाणारे ड्रिफ्टवुड घ्यावे, उकळावे आणि बुडेपर्यंत बादलीत भिजत ठेवावे. त्यातून चहासारखा रंग पाण्यात उतरतो. तो माशांना अपायकारक नसतो आणि पाणी बदलत गेल्यावर फिका होतो.

ओटोसिंक्लसबद्दल वर लिहिलेच आहे. तो झाडांच्या टाकीत सर्वांत उपयोगी पडतो, कारण नाजूक पानांना इजा न करता तो ती पुसून काढतो. पण तो कळपात राहणारा आहे, म्हणून निदान सहा एकत्र घ्यावेत, आणि टाकी किमान तीन-चार महिने जुनी असावी. बाजारात येणारे बहुतेक ओटो दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांतून पकडलेले असतात आणि लांबच्या प्रवासात ते अनेक दिवस उपाशी राहिलेले असतात. म्हणून दुकानात नवा माल आल्या दिवशी ते घेऊ नयेत. आठवडाभर थांबावे, तोवर जे जगले आहेत त्यांतले काचेवर चिकटलेले आणि गोल पोटाचे निवडावेत. पोटाची खालची रेघ सपाट किंवा आत गेलेली दिसली, तर दुकानदाराने कितीही आग्रह केला तरी तो मासा घेऊ नये.

काळ्या दाढीच्या शेवाळासाठी लागणारा सयामीज अल्गी ईटर निवडताना डोळे उघडे ठेवावे लागतात, कारण त्याच्यासारखा दिसणारा फ्लाइंग फॉक्स नावाचा मासा त्याच नावाने विकला जातो. खऱ्या माशाचा काळा पट्टा शेपटीच्या पंखाच्या टोकापर्यंत थेट जातो आणि त्याचे बाकीचे पंख पारदर्शक असतात. फ्लाइंग फॉक्सच्या काळ्या पट्ट्यावर सोनेरी रेघ असते आणि पंखांना काळ्या-पांढऱ्या कडा असतात. फ्लाइंग फॉक्स शेवाळ कमी खातो आणि मोठा झाल्यावर आपल्या जागेसाठी भांडतो. खरा सयामीज पंधरा सेंटिमीटरांपर्यंत वाढतो आणि सतत पोहतो, म्हणून त्याला निदान तीन-साडेतीन फूट लांबीची टाकी लागते. तो उडी मारतो. झाकण नसेल तर एखाद्या सकाळी तो फरशीवर सुकलेला सापडेल. आणखी एक गोष्ट म्हणजे, त्याला फ्लेक्सची चटक लागली की तो शेवाळाकडे पाठ फिरवतो. टाकीत इतरांचे खाणे मोजकेच राहिले, तरच त्याचा उपयोग टिकतो.

लहान टाकी असेल आणि यांपैकी काहीच बसत नसेल, तर चार-पाच काळ्या मॉली हा साधा आणि चांगला पर्याय आहे. त्या दिवसभर पानांवर आणि पाण्याच्या पृष्ठभागावरच्या तवंगावर चोची मारल्यासारखे तोंड मारत फिरतात. बोअरचे जड पाणी ओटोला मानवत नाही, पण मॉलीला ते आवडते. पिल्ले मात्र भराभर होतात, याची तयारी ठेवावी.

आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांतही दगडांवरचे शेवाळ खरवडून खाणारा मासा आहे, तो म्हणजे मल्या. दख्खनच्या माशांची नोंद करणाऱ्या कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि इथल्या मराठी नावावरूनच त्याला "मुल्या" असे नाव दिले. आज तो गारा मुल्या या नावाने ओळखला जातो. हा मासा वाहत्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्यात वाढलेला असतो, त्यामुळे साध्या टाकीच्या साचलेल्या, कोमट पाण्यात त्याचे हाल होतात. पावसाळी सहलीत ओढ्यातून पिशवीत भरून तो घरी आणण्याचा मोह टाळावा. त्याला पाहायचे असेल तर उथळ पाण्यातल्या एखाद्या दगडाजवळ दहा मिनिटे शांत बसावे. दगडावर खरवडल्याच्या खुणा दिसतात आणि थोड्या वेळाने तो स्वतःही येतो.

घरी आणणे आणि पहिला महिना

नव्या टाकीत माशांच्या विष्ठेतून निघणारा अमोनिया आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये बदलणारे जिवाणू तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर कोणताही शेवाळखाऊ मासा आणू नये. आणल्यावर पिशवी पंधरा-वीस मिनिटे टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवावी, मग दर पाच-सात मिनिटांनी त्यात टाकीतले अर्धी वाटी पाणी घालत जावे. तासाभराने मासा जाळीने उचलून सोडावा. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये. अँसिस्ट्रसच्या गालांवर आणि पंखांवर काटे असतात आणि ते जाळीत अडकतात, म्हणून त्याला जाळीऐवजी प्लॅस्टिकच्या डब्यात घेणे चांगले. शक्य असेल तर नवा मासा आधी दोन-तीन आठवडे वेगळ्या टबमध्ये, साधा स्पंज फिल्टर लावून ठेवावा. त्या टबमध्ये त्याला पोटभर खाऊ घालता येते आणि रोग असेल तर तो तिथेच कळतो.

खाऊ घालण्याची वेळ ही या माशांच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. अँसिस्ट्रस निशाचर आहे, आणि दिवसा घातलेले खाणे टेट्रा किंवा गप्पी संपवून टाकतात. म्हणून टाकीचा दिवा बंद केल्यावर अर्ध्या तासाने त्याचे खाणे टाकावे. शेवाळाच्या तयार चकत्या मिळतात. अँसिस्ट्रसला एका वेळी एक पुरते. भाज्यांमध्ये काकडी, दुधी, पालक, फरसबी आणि मटार चालतात. दुधीची बोटाएवढी जाड चकती साल काढून उकळत्या पाण्यात दोन मिनिटे ठेवावी, गार पाण्यात बुडवावी आणि स्टीलच्या काट्यात खोचून तळाशी सोडावी, म्हणजे ती तरंगत नाही. मीठ किंवा तेल लागलेले भांडे यासाठी वापरू नये. भाजी आधी स्वच्छ धुवावी, कारण तिच्यावरची फवारणी पाण्यात उतरल्यास कोळंबी आणि गोगलगायी सर्वप्रथम मरतात. उरलेला तुकडा सकाळी न विसरता काढावा. उन्हाळ्यात तो एका दिवसात पाणी नासवतो.

ओटो बरेचदा पहिले काही दिवस भाजीकडे फिरकतसुद्धा नाहीत. त्यांच्यासाठी एक उपाय मला फार उपयोगी पडला. दोन-चार गुळगुळीत दगड घ्यावेत, ते काचेच्या बरणीत टाकीतल्या जुन्या पाण्यात बुडवून उन्हात ठेवावेत. आठ-दहा दिवसांत त्यांच्यावर हिरवा थर चढतो. असा एक दगड टाकीत ठेवावा, तो साफ झाला की बरणीत परत ठेवून दुसरा काढावा. मासे त्याच्यावर लगेच तुटून पडतात, आणि दगडांची ही फेरी चालू ठेवली तर नवे ओटो पहिला, सर्वांत कठीण महिना पार करतात.

पाणी, उन्हाळा आणि औषधे

नळाच्या पाण्यातला क्लोरीन घालवण्यासाठी ते हवेच्या पंपासह एक दिवस ठेवावे किंवा दुकानात मिळणारे अँटी-क्लोरीनचे थेंब बाटलीवर दिलेल्या प्रमाणात टाकावेत. पावसाळ्यात नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास जास्त येत असेल तर त्या आठवड्यात पाणी कमी बदलावे. फिल्टरचा स्पंज नळाखाली कधीही धुऊ नये. तो टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळावा, म्हणजे त्यातले उपयोगी जिवाणू टिकतात.

वर सांगितलेल्या बहुतेक माशांना २४ ते २८ अंश सेल्सिअस तापमान मानवते. विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत टाकीतले पाणी सहज ३२ अंशांच्या पुढे जाते, आणि पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी राहतो. अशा वेळी झाकणाच्या जागी जाळी बसवावी, पृष्ठभागावर तिरका वारा येईल असा लहान टेबलफॅन लावावा आणि हवेचा पंप चोवीस तास चालू ठेवावा. बाष्पीभवनामुळे तापमान दोन-तीन अंशांनी उतरते. उडालेले पाणी मात्र रोज भरावे लागते. पाण्यात थेट बर्फ टाकू नये, कारण अचानक झालेला बदल उष्णतेपेक्षा घातक ठरतो. जिथे वीज वारंवार जाते, तिथे बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असायलाच हवा.

पांढऱ्या ठिपक्यांसारख्या रोगावरची अनेक औषधे तांबे किंवा मॅलाकाइट ग्रीन असलेली असतात. हे खवले नसलेले किंवा चकत्यांचे मासे अशा औषधांना इतरांपेक्षा लवकर बळी पडतात, आणि तांब्याने गोगलगायी व कोळंबी मरतात. म्हणून आजारी माशाला वेगळ्या भांड्यात काढून तिथेच उपचार करावेत. शेवाळ मारणारी रसायने या माशांच्या टाकीत टाकूच नयेत. एकाच वेळी मेलेले शेवाळ कुजून पाण्यातला प्राणवायू संपवते आणि माशांचे खाणेही जाते.

मोठ्या झालेल्या सकरचे काय करावे

ज्यांच्या घरी मोठा होणारा सकर आधीच आला आहे, त्यांच्यासमोर दीड-दोन वर्षांत हा प्रश्न उभा राहतो. मासा टाकीत वळू शकत नाही, म्हणून तो जवळच्या तळ्यात किंवा नदीत सोडून द्यावा असे अनेकांना दयेपोटी वाटते. तसे कदापि करू नये. गंगेत, केरळ आणि आंध्र प्रदेशातल्या जलाशयांत आणि आपल्या उजनीच्या धरणातही हे मासे आज सापडतात. भारतात मूळचे नसलेले हे मासे तिथवर पोचले ते माणसामुळेच. ते काठाच्या मातीत बिळे करून अंडी घालतात, स्थानिक माशांचे खाद्य संपवतात आणि त्यांच्या कडक चकत्यांमुळे मच्छीमारांची जाळी फाटतात. बाजारात त्यांना भाव नसतो, त्यामुळे जाळ्यात आलेला सकर मच्छीमाराच्या दृष्टीने निव्वळ नुकसान असते.

पाच-सहा फुटी टाकी किंवा बंदिस्त सिमेंटचा हौद असलेल्या कोणाला तो देता येतो का, ते पाहावे. स्थानिक मत्स्यप्रेमींच्या गटांत विचारले तर असे घर बहुधा मिळते. नदीशी किंवा ओढ्याशी जोडलेले शेततळे मात्र यासाठी चालणार नाही, कारण पुरात तो बाहेर पडतो. काही दुकानदार मोठा मासा परत घेतात. पण ते घेतात की नाही, हे पहिला मासा पिशवीत बांधला जाण्याआधीच विचारून ठेवावे.